स्कूटरवर तपासलेलं तेल

कुरियरवाल्याने आत येताच हेल्मेट काउंटरवर आपटलं.

"ताई, तुमचं तेल फारच हुशार निघालं. इंजिनाला इतकं मोकळं केलंय की ते आता गाडीला विचारतच नाही."

गल्ल्यावर बसलेले बाबा हसले. त्यांची मुलगी, मोजपट्टी, हसली नाही. "म्हणजे नेमकं काय होतंय?" तिने विचारलं.

"म्हणजे पुलाचा चढ लागला. मी रेस दिली. इंजिन ओरडलं. गाडी म्हणाली, तू ओरड खुशाल, मी जागची हलत नाही. मागे बसवाला. तो माझ्या नावाने हॉर्न वाजवतोय आणि मी पाय मारत मारत कडेला. लोकांना वाटलं पेट्रोल संपलं."

"क्लच प्लेटा गेल्या असतील," बाबा म्हणाले. "किती दामटतोस गाडी!"

"प्लेटा कशाने जातील माझ्या, नव्या कोऱ्या आहेत. तुमच्या पोरीने तेल बदलून दिलं त्याच्या आधी गाडी वाघ होती."

घरात तिला मोजपट्टी म्हणत ते काही उगाच नाही. लहानपणी तिने घरातल्या सगळ्यांची बोटं मोजून कोणाचं कोणाशी जुळतं याचा तक्ता केला होता. पुढे रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून बाबांच्या ऑइल-स्पेअरपार्टच्या दुकानात बसायला लागली, तर मोजायला शंभर डबे मिळाले. कोणतं तेल थंडीत किती लवकर वाहतं हे बघायला तिने बाटल्या घरच्या फ्रीझरमध्ये मटारांच्या शेजारी ठेवल्या. आई किंचाळली, पण प्रयोग झाला. तापवलेल्या तेलात छर्रे सोडून ते तळाला कधी पोहोचतात ते बघितलं. तेल लावलेली पोलादी पट्टी दुसरीवर ओढून कुठलं कमी अडतं ते बघितलं. या सगळ्यात एक पूर्ण सिंथेटिक तेल बाकीच्यांना मागे टाकून गेलं. ते तिने स्वतःच्या स्कूटरमध्ये घातलं आणि महिनोन्‌महिने चालवलं. आवाज बसला, ॲव्हरेज वाढलं, काढलेलं तेलही बऱ्यापैकी स्वच्छ निघालं. बाबा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायला लागले, "कंपनी काय सांगते ते सोडा, माझ्या पोरीने स्वतः तपासलंय."

आता ती कुरियरवाल्याच्या गाडीवर जाऊन बसली. स्टँडवरून उतरवली, सुरू केली, दोन्ही ब्रेक घट्ट दाबले, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यामधली पकड. त्याच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हाच इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. ब्रेक दाबलेला, गिअर वरचा, क्लच पूर्ण सोडलेला. अशा वेळी इंजिनाने एक आचका देऊन बंदच पडायला हवं.

ते बंद पडलं नाही. थोडं कण्हलं आणि फिरत राहिलं. पकड नव्हतीच.

तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

"काय झालं?" कुरियरवाला म्हणाला. "तुमचा चेहरा का उतरला? गाडी माझी आहे."

ती आत गेली. फळीवरून त्या सिंथेटिकचा डबा काढून तिने त्याची पाठ समोर वळवली. ग्रेड बरोबर होता, दहा-डब्ल्यू-तीस, बाइकच्या पुस्तकात दिलेला तोच. त्याखाली एक गोल शिक्का होता, इंधन वाचवणाऱ्या तेलाचा. तो तिने आधीही बघितला होता आणि चांगलाच वाटला होता. मग तिने शेजारचा, बाइकसाठी म्हणून येणारा साधा डबा घेतला. त्याच्या पाठीवर तो शिक्का नव्हता. तिथे एका छोट्या चौकटीत 'एमए' अशी दोन अक्षरं होती. तीही तिने बघितली होती आणि कंपन्यांचे नखरे म्हणून सोडून दिली होती.

तिचं डोकं आता एकेक पायरी उतरत गेलं. कारचा क्लच इंजिनाच्या तेलाबाहेर असतो, कोरडा. स्कूटरचाही वेगळ्या कप्प्यात, पट्ट्यावर चालणारा, कोरडाच. बाइकचं तसं नाही. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच सगळं एकाच तेलात बुडालेलं. इंधन वाचावं म्हणून घातलेली, घर्षण कमी करणारी जी रसायनं इंजिनाला हवीहवीशी, तीच प्लेटांमध्ये मुरली की प्लेटा एकमेकींवरून घसरायला लागतात. एमए म्हणजे तेच की हे तेल ओल्या क्लचची पकड सोडवणार नाही.

तिने तेल जीव तोडून तपासलं होतं. आणि तपासलं होतं स्कूटरवर.

"बाबा," ती म्हणाली. बाबा उठून उभे राहिले. "बाबा, काल संध्याकाळी मी वहिनीच्या गाडीत हेच घातलंय."

वहिनी मोबाइलच्या टॉवरांची दुरुस्ती करायची. पाठीला दोराची वेटोळी, कॅरिअरवर हत्यारांची जड पेटी, आणि गिअरची बाइक. दादा जहाजावर नोकरीला. आईला हे काहीच पसंत नव्हतं. मागच्या महिन्यात वहिनीची गाडी आडरस्त्याला बंद पडली आणि तिला अंधार पडता पडता ट्रकमधून घरी यावं लागलं, तेव्हा आईने निकालच देऊन टाकला होता. आणखी एकदा असं झालं तर गाडी विकायची, मग ऑफिसात बसून जे काय मिळेल ते काम कर. त्या दिवशी रात्रभर वहिनीच्या खोलीतला दिवा जळत होता. म्हणून तर मोजपट्टीने दुकानातलं सगळ्यात भारी तेल उचललं होतं. वहिनीच्या गाडीला नाव ठेवायला आईला जागाच उरू नये.

आणि आज सकाळी वहिनी पठारावरच्या टॉवरला गेली होती. खाणीच्या बाजूने वर चढणाऱ्या रस्त्याने.

तिने फोन लावला. लागला नाही. लागणार कसा? लागावा म्हणूनच तर ती गेली होती. पठारावरचं नेटवर्क कालपासून आडवं होतं.

"सपाट रस्त्याला काही होणार नाही," ती बाबांना सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. "गाडी तापली, चढ लागला, ओझं असलं, की घसरायला लागेल. आणि ती काय करेल? आणखी रेस देईल. रेस दिली की आणखी घसरेल. आणखी तापेल."

"बोलत काय उभी राहिलीस?" बाबा ओरडले. "जा! इथलं मी बघतो. कोणाकोणाला दिलंय ते मला आठवतंय, एकेकाला फोन करून गाडी जागेवर उभी करायला सांगतो. आणि तू रे," ते कुरियरवाल्याकडे वळले, "आज पायी फिर. नाहीतर माझी सायकल घे."

ती साध्या तेलाचा डबा, एक पाना आणि जुनं ताट घेऊन स्कूटरवर बसते न बसते तोच आईचा फोन आला.

"अगं, हिचा फोन लागत नाही."

"आई, तिकडचा टॉवर बंद आहे. तोच दुरुस्त करायला गेलीय ती."

"मग ती येईपर्यंत दुसरा एखादा चालू ठेवायला नको का त्यांनी? काय ही कामाची पद्धत! आणि तुझा आवाज असा का येतोय?"

"गिऱ्हाईक आहे समोर," म्हणून तिने फोन ठेवला.

गावाबाहेरचा रस्ता सरळ होता. ती मनातल्या मनात हिशेब मांडत होती आणि तो मांडला जात नव्हता. वहिनी कुठपर्यंत गेली असेल, इंजिन किती तापलं असेल, प्लेटा किती तेल प्यायल्या असतील. हातात एकही आकडा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला मोजायला काही सापडत नव्हतं.

खाणीच्या फाट्यानंतर चढ सुरू झाला. रस्ता अरुंद, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा, तोही मधूनमधून तुटलेला. वरून खडी भरलेले डंपर उतरत होते आणि प्रत्येक वळणावर थोडीथोडी खडी सांडून जात होते. तिची स्कूटरही आता रडतखडत चढत होती. दर वळणाला ती कठड्यापलीकडे नजर टाकायची आणि लगेच आत घ्यायची.

आधी तिला आवाज आला. इंजिनाचा, वरच्या पट्टीतला. तिने कान दिला. चालत्या गाडीचा आवाज चढतो तसा लांब जातो. हा चढत होता, किंचाळत होता, पण होता तिथेच होता. मग वास आला, जळकट, करपलेल्या तेलाचा.

वळण संपलं आणि वहिनी दिसली.

रस्ता जिथे सगळ्यात जास्त उभा होता आणि उलटा मुरडत होता, तिथेच ती अडकली होती. गाडी वळता वळता रस्त्याला आडवी उभी राहिली होती. तिचा एक पाय ब्रेकवर, दुसरा खडीवर टेकवलेला आणि खडीवरून घसरणारा. मागचं चाक कठड्याच्या तुटलेल्या भागाकडे. ती रेस द्यायची, इंजिन बोंब मारायचं, गाडी वीतभर पुढे यायची आणि रेस संपली की तेवढीच मागे जायची. नाही, थोडी जास्त जायची. पलीकडे, डोंगराच्या कुशीत, गाडी बाजूला घेण्यापुरती मोकळी जागा होती. चार पावलांवर. तिथवर काही ती पोहोचत नव्हती.

आणि वरून हॉर्न ऐकू आला. भरलेल्या डंपरचा. दिसत नव्हता अजून, पण उतारावर भरलेला डंपर मनात आलं म्हणून थांबत नाही.

मोजपट्टीने स्कूटर डोंगराच्या भिंतीला टेकवली आणि ती चढावर धावत सुटली. "वहिनी! रेस सोड!"

वहिनीने दचकून मान वळवली. "तू? तू इथे... मागे हो! गाडी येतेय मागे!"

"रेस कमी कर! अगदी कमी!"

"डोकं फिरलंय का तुझं? कमी केली तर सरळ दरीत जाईन!"

"नाही जाणार! क्लच घसरतोय. जितकी जास्त रेस तितका जास्त घसरणार. पहिला गिअर आहे ना? थोडीच दे. हळू. पकडेल तो."

हॉर्न पुन्हा वाजला, जवळ. पायाखालची खडी बारीक थरथरत होती. मोजपट्टी गाडीच्या मागे आली होती. तिने कॅरिअरवरचा पट्टा ओढून सोडला, पेटी दोन्ही हातांनी खाली खेचली आणि लाथेने भिंतीकडे ढकलली. मग खांदा सीटच्या मागच्या दांडीला लावला. तिच्या टाचेमागे कठडा नव्हता. तिने मागे बघितलं नाही.

"सोडून दे गाडी," असंही म्हणता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण वहिनीने ब्रेक सोडून उतरायचं म्हटलं असतं तर ती आणि गाडी एकदमच मागे आल्या असत्या, आणि मागे मोजपट्टी उभी होती.

वहिनीने क्षणभर तिच्याकडे बघितलं. सगळं अंगच सांगत होतं की पीळ आणखी, पीळ आणखी, आणि ही पोरगी सांगत होती की सोड. वहिनीचं मनगट उलटं फिरलं.

इंजिनाची बोंब एकदम बसली. गाडी बोटभर मागे आली आणि मोजपट्टीच्या खांद्यातून कळ गेली. मग खालच्या पट्टीतली एक घरघर सुरू झाली, धडधड म्हणावी इतकी हळू, आणि त्या धडधडीत चाकाने दगड चावल्यासारखा आवाज केला.

"आता अशीच ठेव. वाढवू नको. वाढवू नकोस, वहिनी!"

"नाही वाढवत! ढकल तू!"

गाडी गोगलगाईसारखी निघाली. एक पाऊल. दुसरं. डंपरचं नाक वळणावर दिसलं, पांढरं, धुळीने माखलेलं. ब्रेकची हवा सुस्कारली, तरी तो येतच होता. तिसरं पाऊल. पुढचं चाक डोंगराच्या कुशीत शिरलं, मागचं शिरलं, आणि मोजपट्टी अडखळून पेटीवर पडली. डंपर अंगाला गरम वारा घालत, अख्खा रस्ता व्यापत खाली गेला. ड्रायव्हरने खिडकीतून काहीतरी शिवी हासडली. ती दोघींनाही पूर्ण ऐकू आली नाही.

वहिनीने गाडी भिंतीला टेकवली आणि हातमोजे काढले.

"तू इथे कशी?" तिने विचारलं. "दुकान उठून चालत आलं का इथवर?"

"तेल," मोजपट्टी म्हणाली. "मी घातलेलं तेल. ते बाइकचं नाही."

"काल तर म्हणालीस लोण्यासारखं आहे."

"लोण्यासारखंच आहे. तेच झालंय. क्लचला लोणी चालत नाही." आणि मग तिने सगळं एका दमात सांगितलं, स्कूटर, कोरडा क्लच, ओला क्लच, डब्यावरची दोन अक्षरं. ऐकून झाल्यावर वहिनी रस्त्याच्या त्या तुटलेल्या कठड्याकडे बघत राहिली.

"खालच्या वळणापासून असं होतंय," ती म्हणाली. "मला वाटलं माझंच चुकतंय. वाटलं, आई म्हणतात ते खरं असावं, मला झेपत नाही ही गाडी." मग तिने मान फिरवली. "वन्सं, तुम्ही मला ठार मारता मारता राहिलात हो."

एरवी वन्सं म्हणून ती चिडवायची. आत्ता त्यात चिडवणं किती होतं, हे मोजपट्टीला कळलं नाही.

इंजिन हात लावण्याइतकं निवेपर्यंत दोघी भिंतीच्या सावलीत बसल्या. मग वहिनीने तिच्याकडून पाना काढून घेतला. "आण इकडे. गाडी माझी आहे." तिने स्वतः खालचा बोल्ट सोडला. तेल ताटात उतरलं, काळपट, करपलेल्या वासाचं. एक थेंबही रस्त्यावर सांडू नये म्हणून दोघी ताट दोन्ही बाजूंनी धरून होत्या; या वळणावर सांडलेलं तेल म्हणजे पुढच्या दुचाकीवाल्याला खड्डाच खणून ठेवायचा. ताटातलं तेल वहिनीने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि बूच घट्ट लावलं.

नवा डबा उघडण्याआधी तिने तो उलटा केला आणि पाठीवरचा मजकूर सावकाश वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मोजपट्टी उभी राहिली.

"हे कशावर तपासलंस?"

"तपासलेलं नाही. गाडीच्या पुस्तकात हेच लिहिलंय."

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाली आणि डबा फोडला.

तेल भरून झालं. आता काय, हे दोघींनाही माहीत होतं. टॉवर अजून वर होता.

"पकडेल का?" वहिनीने विचारलं.

मोजपट्टीला हो म्हणायचं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "प्लेटांनी जे पिऊन ठेवलंय ते नव्या तेलात हळूहळू धुऊन निघेल. पण तापून प्लेटाच करपल्या असतील तर नाही निघणार. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. आपण खाली जाऊ. गाडी इथेच राहू दे. आईला मी सांगते काय झालं ते."

"आईंना तू सांगशीलच. ते तुझ्याकडे." वहिनीने दोर पाठीला बांधला. "पण वर अख्ख्या पठारावर एकाचाही फोन लागत नाही. आणि आज मी गाडी ढकलत घरी गेले, तर उद्या तू कितीही तेल-पाणी समजावून सांग, गाडी जाते ती जातेच. तुझी स्कूटर मला आणि पेटीला घेऊन चढेल?"

"एकीला आणि पेटीला चढेल. दोघींना नाही."

"मग पेटी तू घे. गाडी मी वर नेते, इथे सोडणार नाही."

"वहिनी..."

"काय करायचं ते सांग. नीट सांग. मघासारखं ओरडून नको."

मोजपट्टीने सांगितलं. पहिल्या गिअरमध्येच राहायचं, रेस अर्ध्याच्या वर न्यायची नाही, प्रत्येक मोकळ्या जागेला थांबून गाडी निवू द्यायची. डोंगराच्या बाजूने चालायचं. आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर पीळ सोडायचा, वाढवायचा नाही.

"आणि तरी नाही चढली तर?"

"तर आडवी पाड तिला. डोंगराच्या बाजूला. गाडी आडवी पाड आणि उडी मार."

वहिनी पहिल्यांदा हसली. "विकायचा प्रश्नच मिटला मग."

आधी तिथल्या तिथे दोघींनी ती परीक्षा घेतली. ब्रेक दाबलेला, तिसरा गिअर, क्लच सोडलेला. इंजिन कण्हलं, अडखळलं आणि बऱ्याच उशिराने, नाइलाजाने बंद पडलं. पकड होती. पूर्ण नव्हती.

"पुरेल?" वहिनीने नजरेने विचारलं. मोजपट्टीला माहीत नव्हतं आणि तिने तसंच दिसू दिलं. वहिनीने गाडी पुन्हा सुरू केली.

ती पुढे, मोजपट्टी स्कूटरवर मागे, पायाशी हत्यारांची पेटी. पहिला टप्पा गेला. त्या थांबल्या, दोघींनी इंजिनापाशी हात धरून बघितला, पुन्हा निघाल्या. दुसरा गेला. शेवटचं वळण सगळ्यात उभं होतं, आणि त्याच्या पलीकडे टॉवरचं लाल-पांढरं टोक दिसत होतं.

वळणाच्या पायथ्याशी वहिनीने डावा हात मागे केला, पंजा उघडा, तळवा मोजपट्टीकडे. थांब. लांब राहा. मी मागे आले तर वाटेत तू नकोस.

मोजपट्टी थांबली. तिने स्कूटर बंद केली, म्हणजे फक्त बाइकचाच आवाज ऐकू यावा.

घरघर वळणात शिरली. मध्यावर ती चढली, एकदम. गाडी आवाजाच्या मागे पडली होती. मग आवाज खाली आला. कोणी सांगितलं नव्हतं, ओरडलं नव्हतं. वहिनीने स्वतःच पीळ सोडला होता. धडधड, पुन्हा ती सावकाश, खालच्या पट्टीतली धडधड, आणि चाकाखालची खडी कुरकुरत वर सरकत गेली. आवाज लांब जायला लागला. मग वळणाआड गेला, आणखी लांब गेला, आणि सपाटीवर पोहोचलेल्या गाडीसारखा हलका झाला.

मोजपट्टीने स्कूटर सुरू करायला हात पुढे केला तेव्हा तिला दिसलं की तिची उजवी मूठ अजून आवळलेलीच आहे, काहीही न धरता. ती तिने एकेक बोट करून उघडली, पेटी पायांनी घट्ट धरली आणि वहिनीच्या मागून चढ चढायला लागली.